शांतोबाची परीक्षा

मीठ घातलेला चहा त्यानं शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कप बशीत ठेवला आणि म्हणाला, "छान झालाय, काकू." तिथंच बाईंचा संशय पक्का झाला.

मीठ बाईंनी मुद्दाम घातलं होतं. साखरेच्या जागी, चांगलं ढवळून. आता कुठलाही धड माणूस अशा वेळी काय करेल? तोंड वाकडं करेल, ठसका लागल्याचं नाटक करेल, निदान "काकू, डबे बदलले वाटतं" असं म्हणून हसेल तरी. हा गृहस्थ खारट चहा पितो आणि वर छान म्हणतो! म्हणजे एक तर याच्या जिभेला चव नाही, नाहीतर हा तोंडावर खोटं बोलतो, आणि तेही इतक्या सफाईनं की पापणीसुद्धा लवत नाही. चव नसलेला जावई एक वेळ चालवून घेतला असता.

"आणखी देऊ?" बाईंनी विचारलं.

"अर्धा कप चालेल," तो म्हणाला.

शेजारी लेक बसली होती. तिच्या कपात साखर होती, त्यामुळे तिला यातलं काहीच कळलं नाही. ती आपली कौतुकानं त्याच्याकडे बघत होती, आणि बाई तिच्याकडे बघत मनात म्हणत होत्या, हसून घे बाई, हसून घे.

बाईंना कारखान्यात सगळे 'भिंग' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण ते कळायला बाईंना कितीसा वेळ लागणार? कापडाच्या कारखान्यात त्या तपासणीला होत्या. खालून दिवे लावलेलं तिरकं काचेचं टेबल, त्यावरून सावकाश सरकत जाणारं कापड, आणि त्या कापडाला खिळलेले बाईंचे डोळे. सुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग, विरळ पडलेली वीण, जे दिसेल त्याच्या समोर कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे पुढं दुरुस्तीवाल्यांना नेमकी जागा सापडते. बाईंच्या नजरेतून काही निसटत नसे. आपलं थान, म्हणजे विणलेला अख्खा तागा, त्यांच्या टेबलावर गेलंय म्हटल्यावर विणणारे आधीच कपाळाला हात लावून बसत.

त्या खात्यात एक नियम होता. एखाद्या थानाला एकही लाल दोरा लागला नाही, तर ते थान पास होत नसे, ते दुसऱ्या टेबलावर पुन्हा तपासायला जाई. एवढ्या लांब कापडात एकही दोष नाही असं होतच नाही, तेव्हा दोष सापडला नाही याचा अर्थ तपासणाऱ्याला डुलकी लागली असणार. हा नियम बाईंना इतका पटला होता की त्यांनी तो घरीही आणला होता.

लेकीनं याआधी दोघांना घरी आणलं होतं. पहिला जो होता तो विनोद संपायच्या आधीच हसायचा. बाईंनी तेवढ्यावरून ताडलं, की याला समोरच्याचं ऐकायचं नाहीये, फक्त खूश करायचंय. दुसऱ्यानं न विचारता बाईंच्या वारलेल्या नवऱ्याच्या फोटोची स्तुती केली. फोटो काही स्तुती करण्याजोगा नव्हता. दोघांच्याही काठाला लाल दोरा बांधून बाई मोकळ्या झाल्या, आणि दोघंही काही दिवसांत आपल्या वाटेनं गेले.

म्हणून या तिसऱ्याला आणायच्या आदल्या दिवशी लेकीनं निक्षून सांगितलं होतं, "आई, याच्यात काही खुसपट काढलंस ना, तर मी तुला विचारणार नाही. नोंदणी कचेरीत जाऊन सही करीन आणि तुला नंतर फोनवर कळवीन. मग बस एकटी, भिंतीला दोरे बांधत."

बाई हसल्या, पण आतून हबकल्या. लेक एकुलती एक. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या त्या घरात दोघी एकमेकींवर ओरडत, एकमेकींच्या पिशव्या तपासत आणि संध्याकाळी एकाच ताटात जेवत जगल्या होत्या. ही गेली तर घरात संशय घ्यायलासुद्धा कुणी उरणार नव्हतं.

लोकांना वाटे, बाईंना आयुष्यात कुणीतरी मोठा दगा दिला असणार. तसं काहीही नव्हतं. नवरा बिचारा देवमाणूस, आजारपणात औषधाची बाटली आधी बायकोला दाखवून मगच घोट घ्यायचा. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण बाईंचं तोंड कधी पोळलंच नव्हतं. त्या जन्मापासूनच ताक फुंकून पिणाऱ्या. त्यांची आई सांगायची, पाळण्यात असताना कुणी खोलीत आलं की ही दूध पिणं थांबवून आधी कोण आलंय ते बघायची. लेकीनं नाकडोळे बापाचे घेतले, पण नजर आईची उचलली. लहानपणी नवा चमचा समोर आला की ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. आईनं त्यातलं आधी खाऊन दाखवल्याशिवाय घास आत जायचा नाही. स्वभावाला औषध नसतं, आणि बाईंना तर हा आजार वाटतच नव्हता.

तर हा तिसरा. लिफ्ट दुरुस्त करायचा. लेक जिथं औषधाच्या दुकानात काम करायची, त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती एकदा अडकली होती. अंधारात, बंद दाराबाहेरून एक आवाज आला, "घाबरू नका, मी लिफ्टवाला आहे." लेक आतून म्हणाली, "कशावरून?" त्यावर त्यानं काहीही न बोलता आपलं ओळखपत्र दाराच्या फटीतून आत सरकवलं. मोबाइलच्या उजेडात तिनं ते दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो नीट बघितला आणि मगच म्हणाली, "बरं, काढा बाहेर." इतका वेळ तो शांतपणे थांबला होता. यावरच ती भाळली. बाईंनी मात्र हा किस्सा ऐकल्या ऐकल्या त्याचं नाव ठेवलं शांतोबा.

कारण तो चिडायचाच नाही. मिठाच्या चहानं चिडला नाही. बाईंनी त्याला चुकीच्या बसथांब्यावर बोलावलं आणि समोरच्या दुकानाच्या काचेआडून बराच वेळ बघत राहिल्या, तर हा कठड्यावर बसून एका कुत्र्याशी गप्पा मारत होता. शेवटी बाईच ताटकळून बाहेर आल्या, तेव्हा म्हणतो, "काकू, तुम्हाला थांबावं नाही ना लागलं?" एकदा त्या तो काम करत होता त्या इमारतीत गेल्या आणि जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावरचा एक म्हातारा त्याच्या नावानं बोटं मोडत होता, निकम्मा, आळशी, फुकट्या, आणखी बरंच काही. हा हातातला पाना पुसत म्हणाला, "जिना चढून गुडघे दुखले असतील ना? बसा इथं, स्टूल आहे." म्हातारा बसला. वर त्याला स्वतःच्या गुडघ्यांचा इतिहास सांगत बसला.

"नाटकी आहे," बाई दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हणाल्या. या दुसऱ्या बाईचं नाव कारखान्यानं 'चालतंय' ठेवलं होतं, कारण तिला काहीही दाखवलं तरी ती तेच म्हणायची. निम्मी थानं तिच्याकडून बाईंकडे परत तपासायला यायची. एवढं असून दोघींची मैत्री होती.

"अगं, असतात काही माणसं थंड," चालतंय म्हणाली.

"थंड? माझ्या आईनं सांगितलं होतं, ज्याचा राग दिसत नाही त्याच्या घरात धारेची वस्तू ठेवू नये."

"तुझ्या आईनं असं काही सांगितलेलं नाही. तू आत्ता बनवलंस."

बाई हसल्या. खरंच आत्ता बनवलं होतं.

"हे बघ," चालतंय डबा बंद करत म्हणाली, "तू ती सुई घेऊन धागा खेचत बसतेस ना, हा सुटलाय की नाही बघायला? कधी कधी तो सुटलेला नसतो. तू खेचतेस म्हणून सुटतो. मागच्या महिन्यात त्या निळ्या थानाला भोक पडलं ते कुणामुळं?"

"ते विरळच होतं आधीपासून."

"चालतंय," चालतंय म्हणाली.

पण बाई थोड्याच ऐकणार? त्या सरळ शांतोबाच्या आईकडे जाऊन धडकल्या. निमित्त काय, तर जवळून जात होते. बाईंचं आयुष्यात कधी कुठून जवळून जाणं झालं नव्हतं, पण ती बाई भोळी होती, तिनं विश्वास ठेवला. घर साधं, स्वच्छ. बाईंनी खुर्चीवर बसण्याआधी गादीखालून हात फिरवून घेतला, सवयीनं.

"तुमचा मुलगा कधी चिडत नाही का हो?" त्यांनी थेट विचारलं.

"नाही ना!" ती माउली जणू याच प्रश्नाची वाट बघत होती. "अहो, बाळ असताना रडायचा नाही. मी घाबरून डॉक्टरांकडे नेलं, म्हटलं, याला ऐकू येत नाही की काय. टोचलं तरी हा सुईकडे बघत बसला. डॉक्टर म्हणाले, बाई, तब्येत ठणठणीत आहे, पिंडच असा आहे, घरी जा आणि झोप काढा. याचा थोरला भाऊ बघा, पाळणा थांबला की चाळ डोक्यावर घ्यायचा. एकाच पोटचे, एकाच ताटातले. मी दोघांना काय वेगळं वाढवलं सांगा? आजही थोरला दार आपटतो आणि हा लावतो."

"मग याला राग येतच नाही?"

त्या माउलीनं जरा विचार केला. "येत असेल. मला कधी दिसला नाही."

बाई रस्त्यानं परत येताना तेवढंच वाक्य घोळवत होत्या. येत असेल, दिसला नाही. म्हणजे आईलासुद्धा सापडला नाही! तीस वर्षं दडवून ठेवलेली गोष्ट लहानसहान असणार नाही. आणि माझी पोर त्याच्या हाती द्यायची, उद्या चार भिंतींच्या आत ती गोष्ट बाहेर निघाली म्हणजे? संशयी माणसाला भीती वाटते ती खरीच असते, हे त्याला हसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. बाईंना त्या संध्याकाळी खरोखर भीती वाटली. राग बघितल्याशिवाय हे थान पास करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार बसवायला आला. लेक केस कापायला गेली होती. तो जमिनीवर बसून बिजागरीचे स्क्रू काढत होता, बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. हीच वेळ.

"एक सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. "रागावू नकोस."

"नाही, बोला ना काकू."

"माझी लेक तुला कंटाळली आहे."

त्याचा हात थांबला.

"तोंडावर बोलत नाही ती. तुझ्यासमोर गोड वागते, पण घरी आली की डोकं धरून बसते. म्हणते, हा माणूस आहे की उशी? मला म्हणाली, आई, त्याला कसं सांगू, तो किती वाईट वाटून घेईल. म्हणून मीच सांगते. तूच मागं हो. तिला विचारूबिचारू नकोस, उगाच ती लाजेनं हो म्हणेल."

हे सगळं बाईंनी इतकं बेमालूम सांगितलं की क्षणभर त्यांना स्वतःलाच खरं वाटलं. मग त्या थांबल्या आणि वाट बघू लागल्या. आता उठेल. आता कपाटाला लाथ मारेल. आता म्हणेल, तुम्ही कोण सांगणाऱ्या? तसं झालं की त्या हसून म्हणणार होत्या, अरे, गंमत केली, बघत होते तुझ्यात जीव आहे का. हे त्यांनी आधीच योजून ठेवलं होतं.

त्यानं स्क्रू घट्ट केले. दार लावून बघितलं, उघडून बघितलं. मग उठला, हात धुतले, एक ग्लास पाणी मागितलं आणि उभ्यानंच प्यायला.

"बरं," तो म्हणाला. "तिला त्रास नको."

आणि गेला. दार हळूच लावून गेला. बाई "अरे, ऐक" म्हणणार होत्या, पण तेवढ्यात दुसरा विचार आला, की बघा, गेला! इतक्या सहज गेला! ज्याला खरंच हवी असते तो असा जातो का? बाईंना जिंकल्यासारखं वाटलं. ते वाटणं दुपारपर्यंत टिकलं.

दुपारी लेकीला त्याचा फोन आला. तो म्हणाला, आपण इथंच थांबू, तुझं काही चुकलेलं नाही, तू नीट राहा. का ते त्यानं सांगितलं नाही. लेकीनं परत फोन केले तर उचलले नाहीत. बाईंना वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. ती खिडकीपाशी बसली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "दुसरी कुणीतरी आहे."

पुढचे काही दिवस बाईंनी जे बघितलं ते त्यांना बघवलं नाही. लेकीनं त्यानं दिलेली प्रत्येक वस्तू काढून हुंगली. फोनमधले फोटो मोठे करकरून बघितले, मागं कोण उभं आहे ते. तो एकदा उशिरा आला होता तो कुठल्या वारी, एकदा नवा शर्ट घातला होता तो का, कुत्र्याशी बोलत होता म्हणे, ते कुत्रं कुणाचं? "इतकं शांत कुणी नसतंच, आई," ती म्हणाली. "माझीच चूक. मला तेव्हाच कळायला हवं होतं." आवाज तिचा होता, पण प्रत्येक शब्द बाईंच्या तोंडचा होता. ती जेवेना. रात्री उठून दाराची कडी तपासायची. कामावर दोनदा चुकीची औषधं बांधता बांधता राहिली. आपण पोरीला डोळे दिले आणि मग त्या डोळ्यांत मुठीनं वाळू टाकली, असं त्यांना वाटलं.

शेवटी एका सकाळी, लेक चहाच्या कपाकडे नुसती बघत बसली असताना, बाईंनी धीर केला. सांगितलं तर लेक जाईल, नाही सांगितलं तर लेक अशीच झिजेल. सांगूनच टाकलं.

"दुसरी कुणी नाहीये. मी त्याला जा म्हटलं."

लेकीनं वर बघितलं. बराच वेळ बघत राहिली, दिव्यावर धरलेल्या कापडाकडे बघावं तशी. मग तिचा चेहरा मऊ झाला आणि ते बाईंना शिव्यांपेक्षा जड गेलं.

"आई, माझ्यासाठी तू एवढं खोटं बोलशील असं वाटलं नव्हतं."

"अगं, खोटं नाही! मी म्हटलं त्याला, तू कंटाळलीस म्हणून."

"हो, हो. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतेस. तू, आणि पुरुषाची बाजू घेणार? तुला तो कधीच आवडला नव्हता. आत्ताच का वकिली सुचली? की भेटलीस त्याला? त्यानं पाठवलं तुला?"

"तुझ्या बापाची शपथ!"

"बाबांची शपथ तू भाजीवाल्यालाही घालतेस."

साऱ्या जन्मात बाईंनी कुणाची खात्री दिली नव्हती, आणि पहिल्यांदा द्यायला गेल्या तर घेणारं कुणी नाही. पोरीला विश्वास ठेवायला शिकवलं असतं तर आज तो कामी आला असता. पण आंधळ्यानं वाट दाखवायची कशी?

मग त्या तो काम करत होता तिथं गेल्या. तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, फक्त डोकं दिसत होतं. बाईंना वाटलं, इथंच सांगावं, एका दमात, माणूस खाली आहे तोवर. पण त्यानं वर बघितलं, आणि तो इतका वाळला होता की बाईंनी ते मागं ठेवलं.

"एकदा घरी येशील?" एवढंच त्या म्हणाल्या. "तिला बोलायचंय."

"तिला त्रास होणार नाही ना?"

"नाही."

तो संध्याकाळी आला. स्वयंपाकघरातच तिघं उभी राहिली, कुणी कुणाला बस म्हटलं नाही. लेकीनं वेळ घालवला नाही.

"आई म्हणते, तिनं तुला जायला सांगितलं. खरं आहे?"

त्यानं आधी बाईंकडे बघितलं. त्याला वाटत होतं बाईंनी लेकीचाच निरोप पोचवला होता, आणि आता आईलेकींत त्यावरून काही बिनसलंय. बाईंच्या डोळ्यांत त्यानं काय वाचलं देव जाणे, पण तो म्हणाला, "नाही. काकू काही बोलल्या नाहीत. माझं मीच ठरवलं."

"खरंच?"

"खरंच."

लेक त्याच्या जवळ गेली. त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि बाईंना उमगलं, की ही आता शोधून काढणार. ही माझी पोर आहे.

"तू खोटं बोलतोयस," ती हळू म्हणाली. "बोलायच्या आधी तू आईकडे बघितलंस. कधी बघत नाहीस. काय म्हणाली ती?"

त्यानं कपाटाच्या दारावरून बोट फिरवलं.

"काय म्हणाली?"

"की तू मला कंटाळली आहेस. तुला सांगवत नाही. मी मागं व्हावं."

"मी?" लेकीचा आवाज चिरकला. "मी असं म्हणाले?"

आता तो पुरता बाईंकडे वळला. "काकू, तिनं तुम्हाला असं सांगितलं नव्हतं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

"तू चिडतोस का ते बघायचं होतं."

लेकीनं हातातला कप भांड्यांच्या ढिगात फेकला. मग जे सुरू झालं ते शेजाऱ्यांना तीन भिंतींपलीकडे ऐकू गेलं असेल. तिनं मागच्या दोघांपासून सगळं काढलं, आईला सुई म्हणाली, विळा म्हणाली, मेलीस तर खांदा देणार नाही म्हणाली आणि म्हणता म्हणता रडायला लागली. मग त्याच्यावर उलटली. "आणि तू! मला एकदा विचारायला तोंड नव्हतं?"

"हो," तो म्हणाला. "ती माझी चूक. विचारायला हवं होतं."

बाई खाली मान घालून सगळं ऐकून घेत होत्या आणि खरं सांगायचं तर त्यांना जरा हलकं वाटत होतं. लेकीचा राग त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांचाच होता. कढईतल्या तेलासारखा उडतो, भाजतो आणि गॅस बंद केला की निवतो. आज आरडाओरडा करील, दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी येऊन म्हणेल, आई, माझी निळी ओढणी कुठं ठेवलीस. तो निवायला लागलाही होता. लेक पिशवीत कपडे भरून, चेहरा धुऊन बाहेर आली तेव्हा तिचा आवाज निम्मा उतरला होता. "याच्या आईकडे जाते. सही केली की कळवीन," ती दारात चपला घालत म्हणाली. "मग ये तू घरी. तेव्हा बोलू."

"येईन," बाई पटकन म्हणाल्या.

"नाही," तो म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे बघितलं. पिशवी त्याच्या हातात होती. चेहरा तोच, मिठाचा चहा पिताना होता तो. आवाजही तोच.

"काकू, तुम्ही आमच्या घरी येऊ नका."

"अरे, असं काय," लेकच गडबडली. "मी चिडून बोलले. ती माझी आई आहे."

"तू ये ना इकडं. हवं तेव्हा ये, मी आणून सोडीन. त्यांना काही लागलं तर मी स्वतः येऊन करीन. दार, नळ, काहीही. पण त्यांनी आमच्या घरी येऊ नये."

तो ओरडला नव्हता. त्याच्या कपाळावर एक आठी नव्हती. बाईंनी जन्मभर रागाचा शोध घेतला होता तो आवाजात, हातांत, आपटलेल्या दारांत. हा असा असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. याला आच नव्हती, मग हा निवणार कसा?

"किती दिवस?" त्यांनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना लहान मुलीसारखा वाटला.

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला, जसा तो सगळ्याच गोष्टींचा करायचा.

"माहीत नाही, काकू. मला असं आधी कधी झालेलं नाही."

लेक खाली उतरली, पाठोपाठ तो. बाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी त्याचं बोलणं मनात उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडावर धरून पाहिलं. घाबरवायला म्हणाला असेल, होणाऱ्या बायकोसमोर मोठेपणा करायला म्हणाला असेल, उद्या विसरेल. कुठंतरी सैल धागा सापडावा म्हणून त्यांचा जीव तुटत होता. पण सापडला नाही. तो म्हणाला ते तसंच्या तसं खरं होतं, आणि त्याबद्दल त्यांना तिळभरही संशय नव्हता.